दाराकडची बाजू

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (गुडघ्यांनी परवानगी दिली तितकं वाकून.)

आज एका रिकाम्या घराच्या फरशीवर आडवी पडले आणि तुझी फार आठवण झाली. बाबांची बदली झाली की सामान यायच्या आधी आपण नवं घर बघायला जायचो, ते आठवतं का तुला? आई आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघायची. बाबा छत्रीने खोल्या मोजायचे आणि आपल्याला सांगायचे की जा, कुठे झोपावंसं वाटतं ते आडव्या पडून बघून या. मग आपण कॉन्व्हेंटचे पांढरे फ्रॉक धुळीत लोळवत प्रत्येक खोलीत पडून यायचो. तू नेहमी दाराकडे, मी भिंतीकडे. दारातून कुणी आलंच तर त्याला आधी तू लागशील, असा माझा सरळ हिशोब होता. एका घरी छतावर डाग होता. तू म्हणालीस ससा आहे, मी म्हटलं मदर सुपीरियर आहेत, आणि आपण इतक्या हसलो की बाबांची छत्री मोजायची चुकली. पुढे त्या घरात कपाट काही बसलं नाही. तीन वर्षं ते व्हरांड्यात उभं होतं.

तर साठी उलटल्यावर मी पुन्हा तेच केलं. घरं दाखवणारे एजंट दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे घर असंच बघतात. भला माणूस आहे, पण प्रत्येक घराला ते ‘एकदम हवेशीर’ म्हणतात. खिडकी नसलेल्या खोलीलाही म्हणाले. मी त्यांचं नावच हवेशीर ठेवलं आहे.

आतापर्यंतची घरं अशी. पहिलं बेकरीच्या डोक्यावर. फरशी इतकी ऊबदार की मला तिथेच डुलकी लागत होती, पण उन्हाळ्यात आपणच भाजून निघू. दुसऱ्या घराची खिडकी उघडली की समोरच्यांचं न्हाणीघर. तिसरं तसं बरं होतं, पण शेजारचा पोपट दिवसभर कोण आहे, कोण आहे, असं विचारत असतो. मला ते नाही सोसायचं.

निवृत्तीनंतर शाळेचं क्वार्टर मला मे अखेर सोडायचं आहे. नव्या ग्रंथपाल बाई परवा येऊन खोली बघून गेल्या. त्यांनी पडद्याला हात लावून बघितला, तेव्हा उगाच राग आला.

तुझा पाय कसा आहे? घरात सगळ्यांना माझी आठवण सांग. आणि माझ्यावर जीव जरा जास्तच लाव, घर शोधताना तो लागतो.

तुझी,
ठमी

---

११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक राखून ठेवला आहे, घर मिळालं की देईन.

पत्र पोचलं. कपाटाचं वाचून सूनबाई आणि मी खूप हसलो. पण पोपट हे घर नाकारायचं कारण झालं का गं? आपल्याला काय त्याच्याशी संसार करायचा आहे? दोन दिवस तो विचारील कोण आहे, तिसऱ्या दिवशी तू सांगशील, विषय संपला. लहानपणी जेवणाला नावं ठेवायचीस तशी घरांना ठेवू नकोस.

इकडची बातमी म्हणजे चिरंजीवांची बदली पक्की झाली. त्यांनाही मे अखेर हे घर सोडायचं आहे. तिकडे ऑफिसने दिलेली जागा लहान आहे. मुलगा म्हणतो की आई, तुझा पलंग आपण बाहेरच्या खोलीत सोफ्याजवळ लावू आणि मधे पडदा टाकू. सूनबाई म्हणाल्या की पडदा छान जाड घेऊ. दोघंही मनापासून म्हणाली, यात खोट नाही. पण मी त्यांना सांगून टाकलं की पडदा राहू दे, मी आणि ठमी घर घेतो आहोत. डॉक्टरांना सांगितलं. ब्लाउज शिवते तिला सांगितलं. नातीने शाळेत बाईंना सांगितलं की माझी आजी नवं घर घेणार आहे. आता मी माघारी फिरले तर कोणत्या तोंडाने सोफ्याशेजारी जाऊन बसू?

तुझे भावजी गेल्यावर त्या दिवशी तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होतीस की आता म्हातारपणी आपण दोघी एकत्र. तेवढ्या शब्दावर मी इतके दिवस काढले.

डॉक्टर म्हणतात जिने टाळा. लिफ्टचा भरवसा मला नाही, तेव्हा तळमजलाच बघ. मी इथे पाय पसरून बसले आहे आणि तू तिथे माझ्यासाठी उन्हातान्हात हिंडते आहेस, याचं मला वाईट वाटतं. डोक्यावर काहीतरी घेत जा.

तुला वेळ मिळेल तसं लिही आणि मिळत नसेल तरी लिही.

तुझी,
ताई

---

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि डोक्यावर टोपी घालते आहे, तेव्हा काळजी नको.

या आठवड्यात दोन घरं बघितली. पहिलं तळमजल्यावरचं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचं आहे. ते मुलीकडे राहायला चालले आहेत. दोन खोल्या, बऱ्यापैकी स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण, अंगणात नळ आणि लिंबाचं झाड. बाजार जवळ, दवाखाना त्याहून जवळ. आता तू म्हणशील की मग अडलं कुठे? तर ताई, ओल आहे. भिंतीला चांगली ओल आहे. तुझ्या गुडघ्याला ओल म्हणजे विषच. हवेशीर तिथेही हवेशीर म्हणालेच. मी त्यांना सांगितलं की नको.

दुसरं नुसतं गंमत म्हणून बघितलं, त्याच आळीच्या पुढच्या रस्त्याला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे आपल्या कामाचं नाहीच. एकच मोठी खोली, आणि स्वयंपाकघर इतकं लहान की वळायचं तर आधी ठरवावं लागेल. पण खिडकी आहे, ताई. भिंतभर खिडकी. खाली लाकडाची वखार आहे. दुपारी करवत थांबली की एकदम सगळं शांत होतं आणि लाकडाचा वास वर येतो. ऊन खोलीत शिरून हळूहळू फरशी ओलांडत पलीकडच्या भिंतीपर्यंत जातं. मी पडून ते बघत बसले. हवेशीरांनी दोनदा खाकरून बघितलं, मग ते बिचारे जिन्यात जाऊन बसले.

असो. तीन जिने म्हणजे तीन जिने. उद्यापासून पुन्हा तळमजले.

या पत्रात फार काही नाही, तरी आहे तेवढं गोड मानून घे.

तुझी,
ठमी

---

२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, मागच्या वेळेइतकेच.

तुझं पत्र वाचून सारखी त्या तळमजल्याची रुखरुख लागली आहे. लिंबाचं झाड आणि दवाखाना, आणखी काय हवं होतं? ओल कुठे आहे ते नीट लिही. कोणत्या भिंतीला, किती उंचीवर, बाहेरच्या की आतल्या? हात लावला तर पीठ हाताला येतं की पाणी? जन्मभर रंगकामाच्या ठेकेदाराबरोबर संसार केला आहे मी. हे जेवतानासुद्धा गिलाव्यावर बोलायचे. बऱ्याच ओलींवर उपाय असतो.

आणि सहज विचारते, त्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला कठडा आहे का? पायऱ्या उंच आहेत की बसक्या? मधे टेकायला जागा आहे का, की लोकांनी तिथे चपलांची कपाटं ठेवली आहेत? नुसतं विचारते हं. खिडकीचं तू इतकं छान लिहिलंस की मी ते सूनबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की मावशींनी पुस्तकं सांभाळण्याऐवजी लिहायला हवी होती.

इथे सामान बांधायला सुरुवात झाली आहे. माझी खोली आधी रिकामी केली, कारण मी आधी जाणार असं सगळे धरून चालले आहेत.

तुझी,
ताई

---

३ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. आज वि. वि. काही फारशी विशेष नाही.

ओल दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला आहे. खांद्याच्या उंचीवर, चांगली हातभर रुंद. हात लावला तर ओला झाला. हवेशीर म्हणतात की घड्याळवाल्यांना दुसरं गिऱ्हाईक आलं आहे, आठवडा दोन आठवड्यांत काय ते ठरेल. मी म्हटलं ठरू दे. तेव्हा ते घर आता डोक्यातून काढून टाक.

जिन्याला लाकडी कठडा आहे. पायऱ्या बसक्या आहेत. प्रत्येक वळणावर लहानशी खिडकी आहे आणि चपलांचं कपाट कुठेही नाही. पण तू हे कशाला विचारतेस? तुला डॉक्टरांनी काय सांगितलं आहे?

माझं शोधणं चालू आहे. काल एक तळमजला बघितला, त्याच्या दारातच ट्रान्सफॉर्मर. परवा एक बघितला, तिथे घरमालकीण स्वतः मधल्या खोलीत राहणार आणि आपण तिच्या दोन्ही बाजूंना. आपण पोळीच्या दोन कडा आणि ती सारण. मला तिथे हसू आवरेना.

बाकी ठीक. शाळेत निरोपाचं भाषण मलाच करायचं आहे म्हणे. इतक्या वर्षांत मुलांना शांत बसा याखेरीज मी काही बोललेली नाही, आता काय बोलणार?

ताई, तुझा राग कधी आला नाही मला. उगाच लिहिते आहे. काही झालं तरी मला आपली म्हण.

तुझी,
ठमी

---

१२ एप्रिल

ती. मावशींना,
नमस्कार आणि आधीच माफी. हे मी आईंना न विचारता लिहिते आहे.

आईंचा गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी त्यांना पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं आहे. घाबरू नका, मोडलेलं काही नाही. पण कारण तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं.

दुपारी मी मुलीला झोपवते तेव्हा आई शेजारी गप्पा मारायला जाते म्हणून जायच्या. मला खरंच वाटलं. शनिवारी वरच्या मजल्यावरच्या काकू मला बोलवायला आल्या, तर आई जिन्याच्या वळणावर बसलेल्या. उठताच येईना. काकू म्हणाल्या की गेले काही दिवस त्या रोज दुपारी कठड्याला धरून वर जातात आणि खाली येतात. आधी एक जिना, मग दोन, आणि शनिवारी गच्चीपर्यंत जायचं ठरवलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या की व्यायाम करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या की ठमीला जन्मात पहिल्यांदा काहीतरी आवडलं आहे, माझ्या पायापायी ते तिचं हुकायला नको.

मावशी, त्यांना रागावू नका. मीसुद्धा रागावले नाही. तो पडदा जाड घेऊ असं मी म्हणाले होते, ते त्यांना लागलं असेल का, असं सारखं मनात येतं. मी चांगल्या मनानेच बोलले होते. पण त्यांनी नको म्हटलं तेव्हा मला थोडं सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. हे कुणाला सांगू म्हणून तुम्हालाच सांगितलं.

आमच्यावर माया असू द्या. या पत्रानंतर कमी झाली तर समजून घेईन.

तुमची,
भाचेसून

---

१६ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, पण तो तुला नेहमीच आहे.

सूनबाईंवर चिडू नकोस, तिने मला लिहिलं. वाचल्यावर मी शाळेत गेले, ग्रंथालयाला आतून कडी लावली आणि बसून राहिले. शाळेत चुकलं की मदर आपल्याला कोपऱ्यात उभं करायच्या. मग तशीच ग्रंथालयाच्या कोपऱ्यात कपाटाला टेकून उभी राहिले काही वेळ. उभं राहून काही होत नाही. तेव्हाही होत नव्हतं.

ताई, ओल नव्हती.

भिंती कोरड्या ठणठणीत आहेत. घर उत्तम आहे. तुझ्यासाठी कुणी मुद्दाम बांधलं असतं तर असंच बांधलं असतं. उंबरासुद्धा बसका आहे. घड्याळवाल्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं की लिंबाला भरपूर लिंबं येतात, शेजाऱ्यांना वाटावी लागतात. हवेशीर पहिल्यांदाच हवेशीर म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं की शोध संपला.

मग मी नेहमीसारखी आडवी पडले. पडले ती भिंतीला लागून. डावीकडे तुझ्यापुरती जागा आपोआप सोडली गेली, ठरवून नाही, अंगानेच सोडली. आणि त्या रिकाम्या जागेकडे बघता बघता मी भिंतीला आणखी चिकटले. मला दिसलं की सकाळी मी पुस्तक घेऊन चहाला बसले आहे आणि तू विचारते आहेस की काय वाचतेस. मी सांगते आहे. मग तू विचारतेस की पुढे काय झालं. ताई, यात तुझा काही दोष नाही. तू विचारणारच, माणसं विचारतातच. पण इतकी वर्षं मी एका खोलीत एकटी राहिले आहे. जेवताना पुस्तक कपाला टेकवून वाचते. कधी कधी रविवारी एक शब्दही बोलत नाही आणि संध्याकाळी घसा खाकरून बघते की आवाज आहे ना. हे कुणाला सांगावं असं नाही. पण ते माझं आहे, आणि त्याच्याखेरीज माझं दुसरं काही नाही.

मी उठले, साडी झटकली आणि हवेशीरांना सांगितलं की ओल आहे. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. काढला. कोरडा हात रुमालाला पुसला आणि म्हणाले की तुम्ही म्हणता तर असेल. तेवढं त्यांचं सौजन्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावर पडले, ती मधोमध. हात पसरून. भिंत कुठल्या बाजूला आणि दार कुठल्या बाजूला हे बघितलंसुद्धा नाही. तुला खिडकीचं सगळं लिहिलं, हे तेवढं लिहिलं नाही.

बेकरी, न्हाणीघर, पोपट, ही सगळी घरं बरी होती. पोपट तर फार गोड होता.

तुझ्या पाठीवरून हात फिरवत मी शब्द दिला होता. तो खोटा नव्हता. तो दिला तेव्हा तुझ्यासाठी दिला होता, माझ्याकडे बघितलंच नव्हतं. आणि आता तू माझ्यासाठी जिने चढते आहेस. लहानपणी तू दाराकडे झोपायचीस, तेव्हाही तुला भीती वाटत होती का, हे मी कधी विचारलं नाही.

घड्याळवाल्यांचं अजून पक्कं झालेलं नाही, मी आज विचारून आले. तू म्हणशील तर मी उद्या जाऊन आपल्या दोघींसाठी हो म्हणते. मनापासून म्हणेन. मला तुझ्याबरोबर राहायची सवय होईल. माणसाला कशाचीही होते.

लोभ ठेव असं लिहायची आज माझी हिंमत नाही.

ठमी

---

२६ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. जेमतेम.

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की सूनबाईंना सांगितलं, ठमीचं पत्र आलं तर परत पाठवा. त्या म्हणाल्या की आता तुम्हीच पाठवायचं आहे, त्यांचं आलेलं आहे. मला सवय होईल असं तू लिहिलंस ना, त्याचा सर्वांत राग आला. मी काय कडू औषध आहे?

ओलीचं मला तेव्हाच कळलं होतं. ओल जमिनीतून वर चढते गं बाई. घराच्या आतल्या भिंतीला खांद्यापासून ती सुरू होत नाही, तिथून नळ जात असेल तर वेगळं. यांनी इतकी वर्षं जेवताना जे ऐकवलं ते वाया गेलं नाही. पण मला वाटलं की तुला तो तिसरा मजला हवा आहे आणि माझ्या पायामुळे तू मन मारते आहेस, म्हणून तळमजल्यावर खोटंनाटं रचते आहेस. तुला मीच नको असेन, हे डोक्यात आलं नाही. येणार कसं? म्हणून चढत होते.

आता पुढचं ऐक. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. उतरायचं नाही, म्हणून पलंगावर पडून तुझ्या त्या मधोमध पडण्याचा विचार करत होते. बघते तर मी पलंगाच्या कडेला. हे जाऊन इतके दिवस झाले, पलंग सगळा माझा आहे, आणि मी अजून दाराकडच्या काठावर झोपते. आधी तुझ्यासाठी, मग यांना रात्री पाणी लागायचं म्हणून, मग मुलगा उठायचा म्हणून, मग नात. तेव्हा मी दुखरा पाय हाताने उचलून सरकवला आणि मधे झोपून बघितलं. मोठी गंमत वाटली. जरा भीतीही वाटली. तेवढ्यात नात घरी आली आणि म्हणाली की आजी, मी कुठे झोपू? मी म्हटलं, तुझ्या पलंगावर.

ठमे, तुझ्याकडे तुझं दार आहे आणि ते जाईल म्हणून तू घाबरलीस. मी बाबांच्या घरातून यांच्या घरात आले आणि यांच्या घरातून मुलाच्या. ज्याची किल्ली फक्त माझ्या कमरेला आहे असं दार मला कधी मिळालं नाही, आणि ते मिळायच्या आधीच मी तुझ्याशी वाटून घ्यायला निघाले होते. तुला विचारलंही नाही. तेव्हा चूक तुझी एकटीची आहे असं समजून फार मिरवू नकोस.

मुलाला ते तळमजल्याचं घर बघायला पाठवलं होतं. त्याने सगळ्या भिंतींना हात लावून बघितला आणि म्हणाला की आई, मावशीला चष्मा बदलायला हवा. मी म्हटलं, सांगते तिला. घड्याळवाल्यांच्या त्या गिऱ्हाइकाला लिंबाचं झाड तोडून गाडी लावायची होती, त्यावरून बिनसलं. घर मी घेतलं आहे. मी एकटीने. दारावरच्या पाटीवर एकच नाव असेल. तू तुझा तिसरा मजला घे, नाहीतर दुसरं कुणी तिथे पाय पसरून पडेल.

दोन अटी. मला विचारल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही. आणि पाय बरा झाला की महिन्यातून एकदा मी तुझ्याकडे चहाला वर येणार. कितीही वेळ लागू दे. वर आल्यावर काय वाचतेस हे मी विचारीन आणि तू सांगशील.

राग अजून थोडा आहे. तो धरूनही माया कायम.

तुझी,
ताई

---

१९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. यावेळी पूर्ण वाकून.

परवा तिसऱ्या मजल्याची किल्ली मिळाली. हवेशीरांनी ती देताना विचारलं की आता एकदा शेवटचं आडवं पडून बघणार का? मी म्हटलं बघणार. ते स्वतःहून जिन्यात जाऊन बसले.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. स्वयंपाकघरातून वाकून बघितलं तर मागच्या आळीतला तुझ्या लिंबाचा शेंडा दिसतो. पहिल्याच दिवशी दिसला होता. तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती. आता उघडी ठेवीन.

अपराधी वाटणं गेलं आहे असं लिहिलं तर ते ओलीसारखंच होईल. तू इतकं समजून घेतलंस म्हणून ते जास्तच वाटतं. सकाळी शांतपणे चहा घ्यायला बसले की वाटतं, ही शांतता तुझ्या सुजलेल्या गुडघ्यावर उभी आहे. पण मी ती सोडणार नाही, हेही आता मला ठाऊक आहे. दोन्ही एकाच खोलीत राहतील. खोली तेवढी मोठी आहे.

क्वार्टर रिकामं होतं आहे. टेम्पोवाले सोमवारी आधी तुझ्या नव्या घरी जातील, मग माझ्या. सामान असं ठरवलं आहे, तुला पटलं नाही तर कळव.

शिलाई मशीन सूनबाईंना. तिला सांग की पडदे शिव, पण स्वतःच्या खिडक्यांचे. आणि सुटल्यासारखं वाटलं हे तिने मला लिहिलं, म्हणून मला माझं लिहिता आलं, एवढा निरोप दे. बाकी काही बोलू नकोस.

बाबांची छत्री भाच्याला. नव्या जागेत कपाट घ्यायच्या आधी त्याने खोली मोजावी. मोजताना कुणाला हसू देऊ नये.

गोष्टींची पुस्तकं नातीला. बाकीची शाळेला, आणि पडदे नव्या ग्रंथपाल बाईंना. त्यांनी त्या दिवशी हात लावला तेव्हाच ते त्यांचे झाले होते.

जेवणाच्या तीन खुर्च्यांपैकी एक माझ्याकडे. एक पहिल्या वळणावर, एक दुसऱ्या वळणावर. मी दोन्ही मजल्यांवरच्या माणसांना विचारून आले आहे. तुझी बहीण येणार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महिन्यातून एकदा, आणि तिला बराच वेळ लागेल.

लहानपणी आपण दोघी झोपायचो तो जुना मोठा पलंग माझ्या दारातून आत जात नाही. हवेशीर म्हणाले की चौकट काढू. मी नको म्हटलं. पलंग तुला. खोलीच्या मधे लाव आणि तू मधोमध झोप. फक्त कधी तुझा पाय फार दुखला आणि तू बोलावलंस, तर मी खाली येईन. त्या रात्री तू भिंतीकडे सरकायचं. दाराकडची बाजू माझी.

तुझी,
ठमी